ड्रॉपर शेवटच्या दोन इंचात अडकायलाय अन् घाट चढताना आपोआप खाली बसायलाय, बदलावाच लागेल का?

रविवार_म्हैसमाळ (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज अडचण आली म्हणून लिहायलोय. माझ्याकडं हार्डटेल (फक्त पुढं सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) आहे, मागच्या वर्षी सेकंडहँड घेतली, तिला आधीपासूनच ड्रॉपर, म्हणजे हँडलवरचं लिव्हर दाबून सीट खाली-वर करता येणारा सीटचा दांडा (पोस्ट), बसवलेला होता, १५० मिमी खाली-वर होणारा, जाडी ३१.६ मिमी, केबलवाला, केबल फ्रेमच्या आतून जाते. वर्षभर काही म्हणजे काही त्रास नाही. पोळ्याच्या आसपास दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, लिव्हर दाबलं की सीट झटकन वर येते पण शेवटचे दोन इंच राहिले की जीव गेल्यासारखी हळू होते, कधी हाताने ओढावी लागते. दोन, खुलताबादहून म्हैसमाळचा घाट चढताना बसल्या बसल्या सीट खाली जाते, कधी अर्धा इंच कधी एक इंच, गुडघे वर यायला लागले की कळतं.

इथल्या एका दुकानात दाखवला, त्यांनी न उघडता सांगितलं की आतलं गेलं, दुरुस्त होत नाही, नवीन टाका, सोळा हजार. सोळा हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही. खरंच बदलावा लागतो का आधी काही बघता येईल? ज्यांनी स्वतः हात घातलाय त्यांनी सांगा.

बालाघाटी (बीड)

भाऊ घाई करू नको, नवीन घ्यायच्या आधी थोडी माहिती दे. सीटखाली किंवा पोस्टच्या बुडाशी हवा भरायचा व्हॉल्व्ह आहे का? क्लॅम्प (पोस्ट फ्रेममध्ये पकडणारी कडी) कशाने आवळलास, टॉर्क पान्ना (किती आवळलं ते मोजणारा) आहे का नुसती एलन की? पोळ्याच्या आधी काय काय केलंस, कुणी काही उघडलं का, तेल ग्रीस लावलं का, गाडी कुठं धुतली? माझ्या अनुभवात ड्रॉपर आपणहून कमी बिघडतो, आपण काहीतरी केलेलं असतं त्याच्या आधी. मांजरसुंब्याच्या घाटात माझाही असाच अडकला होता, तेव्हा आठ दिवस डोकं खाजवलं अन् निघाली केबलच्या टोपीत गेलेली माती.

सरळ_रस्ता (परभणी)

स्प्रे मारा वरच्या कॉलरपाशी (वर-खाली होणारा दांडा जिथून बाहेर येतो त्या कड्यापाशी), चार वेळा वर खाली करा, सुटतो. नाही सुटला तर कार्ट्रिज बदला, नवीन पोस्ट घ्यायची गरज नाही, कार्ट्रिज वेगळी मिळते.

रविवार_म्हैसमाळ

बालाघाटी भाऊ, सगळं सांगतो. हवेचा व्हॉल्व्ह कुठंच नाही, आत बंद कार्ट्रिज आहे. पावसाळ्यात पोस्ट फ्रेममध्ये खाली सरकायला लागला होता, म्हणजे पूर्ण पोस्टच, तेव्हा आमच्या गल्लीतल्या ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीकडची मोठी एलन की घेऊन क्लॅम्प दाबून आवळला. त्याच्या आधी गंज लागू नये म्हणून त्याच्याकडचंच काळं ग्रीस फ्रेमच्या नळीत आतून लावलं होतं. अन् सारोळ्याच्या बाजूला शेतवाटेनं गेलो होतो, काळ्या मातीनं चाकं फिरायची बंद झाली, परत येताना मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुऊन घेतली. टॉर्क पान्ना नाही माझ्याकडं. आता लिहिताना वाटायलंय की बरंच काही केलंय.

टूलरूम_काका (वाळूज)

लेकरा, तुझ्या या उत्तरातच अर्धं निदान आहे. पण आत काय असतं ते नीट समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कुणी "आतलं गेलं" म्हणालं तर "आतलं म्हणजे काय" असं विचारता येईल. मी तीस वर्षं एमआयडीसीत टूलरूमला काढली, सायकलीचा नाद निवृत्तीनंतरचा, पण नळी, सील अन् बुश सगळीकडे सारखंच वागतात.

ड्रॉपर म्हणजे एकात एक दोन नळ्या. बाहेरची फ्रेममध्ये आवळलेली, आतलीच्या डोक्यावर सीट. मधे कार्ट्रिज. ऑफिसच्या खुर्चीखाली जो गॅसचा दांडा असतो ना, त्याच घराण्यातली वस्तू, फक्त इथं गॅसबरोबर तेलाचंही काम असतं. गॅस दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. व्हॉल्व्ह बंद असला की तेल आपल्या खणात कोंडलं जातं, म्हणून तू नव्वद किलोचा असलास तरी सीट हलत नाही. लिव्हर दाबलं की केबल व्हॉल्व्ह उघडते, तेलाला एका खणातून दुसऱ्या खणात जायला वाट मिळते, मग तू बसलेला असलास तर सीट खाली जाते, उठलेला असलास तर दाबलेला गॅस तिला वर ढकलतो. तेल अन् गॅस एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधे एक सरकता पिस्टन असतो. त्याचं सील थकलं अन् गॅस तेलात शिरला की सीट स्पंजासारखी होते. बसलं की दोन तीन सेंटीमीटर दबते अन् उठलं की परत तिथंच येते. कार्ट्रिज गेली म्हणतात ती ही.

म्हणून माझा एकच प्रश्न. घाटात सीट एक इंच खाली गेली, मग तू उभा राहिलास, लिव्हरला हात लावला नाही, तर ती परत वर येते का खालीच राहते?

अन् परभणीकर, स्प्रे नका मारायला सांगू हो. तो पातळ स्प्रे आतलं मूळ ग्रीस धुऊन नेतो, वरच्या सीलाला धूळ चिकटवतो, दोन दिवस बरं वाटतं अन् आठव्या दिवशी आधीपेक्षा वाईट. आपल्याकडं उन्हाळ्यात मुरमाची धूळ पिठासारखी असते, ती त्या ओल्या सीलावर बसली की पॉलिश पेपरच तयार होतो.

रविवार_म्हैसमाळ

काका, खालीच राहते. लिव्हर दाबूनच परत वर घ्यावी लागते. हे मी कधी वेगळं करून बघितलंच नव्हतं.

टूलरूम_काका (वाळूज)

मग तुझी कार्ट्रिज जिवंत आहे असं माझं मत. गॅस तेलात शिरला असता तर सीट परत वर आली असती. खाली जाऊन तिथंच राहते म्हणजे व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो अन् परत बंद होतो. तो कोण उघडतंय ते शोधायचं. लिव्हर तू दाबत नाहीस, म्हणजे केबल ओढली जायलीय.

लातूरची_सायकल (लातूर)

काकांचं अगदी पटलं, कारण माझ्याबरोबर हेच झालंय. दादा, एक करून बघा, सायकल भिंतीला टेकवून सीटवर पूर्ण वजन टाका अन् कुणाला तरी हँडल डावीकडं उजवीकडं शेवटपर्यंत फिरवायला सांगा. माझी हँडल उजवीकडं फिरवली की सीट खाली यायची, सरळ असली की दगडासारखी पक्की. आउटर, म्हणजे केबलच्या तारेवरची बाहेरची नळी, कमी लांबीचा कापलेला होता. हँडल वळलं की आउटर ताणला जायचा, त्याचं टोक लिव्हरच्या खोबणीतून बाहेर सरकायचं, अन् आउटर सरकला की आतली तार (इनर) आपोआप ताणते, म्हणजे लिव्हर दाबल्यासारखंच झालं. सपाट रस्त्यावर हँडल एवढं वळतच नाही म्हणून कळत नाही. घाटात हळू चालवताना हेअरपिनला वळतं.

तुमच्या म्हैसमाळला वळणं आहेतच. नीट आठवून बघा, सीट वळणावर जाते का सरळ चढाला?

दुसरं, धुण्याबद्दल सांगते, मनावर घेतलं तर बरं. प्रेशरचं पाणी सीलाच्या आत घुसतं, वरून कॉलरमधून अन् खालून फ्रेमच्या नळीतून, तिथून बाहेर निघायला वाट नसते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हापासून आमच्या घरात सायकल बादलीभर पाण्यात अन् ओल्या फडक्यानंच पुसली जाते, अन् खरं सांगते तिचे सील बेअरिंग गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त टिकलेत. काळी माती ओली असताना काढायचीच नाही. सावलीत वाळू द्यायची, वाळली की ढेकळं काडीनं निघतात, मग फडकं. अन् शेतवाटेला वाफसा आल्याशिवाय जायचंच नाही, ते शेतकऱ्याच्या वाटेचंही नुकसान आहे अन् आपल्या सायकलचंही.

दख्खन_पेडल (जालना)

मधेच विचारतो, राग मानू नका. आपल्या मराठवाड्यात ड्रॉपर लागतो कामून? इथं पठार आहे, सगळं सपाट. मी साध्या सीट पिलरवर दहा वर्षं फिरायलोय.

बालाघाटी (बीड)

जालनेकर, सपाट आहे म्हणून सगळे म्हणतात पण बालाघाटाच्या कडेला या एकदा. कपिलधारकडं उतरताना सीट वर असली की पोट सीटला अडकतं अन् माणूस पुढच्या चाकावरून जातो. सीट खाली गेली की अंग मागं खाली नेता येतं, हात सैल राहतात, एवढंच आहे ते. गरज कुणी काही म्हणो, उतारावर माझे दोन मित्र पडलेत सीटमुळं, त्यातल्या एकाचं मनगट मोडलं. अन् हे फक्त डोंगरातलं खूळ राहिलेलं नाही, २०२२ ची मिलान-सान रेमो ही रस्त्यावरची शर्यत मातेय मोहोरिचनं रोड सायकलला ड्रॉपर लावून जिंकली, पोज्जो टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागं टाकून.

टूलरूम_काका (वाळूज)

ही कल्पनाही जुनी आहे. १९८० च्या दशकात हाइट-राइट नावाची एक स्प्रिंग यायची, सीट पिलरला बाहेरून लावायची, क्विक रिलीज (क्लॅम्प हातानं सोडायची दांडी) सैल केलं की स्प्रिंग सीट वर आणायची. थांबून हात घालावा लागायचा एवढंच. हँडलवर लिव्हर आलं ते नंतर. असो, मूळ प्रश्नावर येऊ.

रविवार_म्हैसमाळ, आता एक तपासणी कर, तिच्यावरून सगळं ठरेल. पोस्ट फ्रेममधून बाहेर काढ. क्लॅम्प सैल कर, एका हातानं पोस्ट वर ओढ अन् दुसऱ्या हातानं हँडलकडून आउटर फ्रेममध्ये आत ढकलत राहा, नुसतं ओढलंस तर केबलला आत मोड पडेल. बाहेर आला की बुडाशी केबलचं टोक सोडव. तिथं एक छोटी पट्टी किंवा दांडी असते, व्हॉल्व्ह उघडणारी. पोस्ट जमिनीवर उभा धर, ती दांडी बोटानं किंवा एलन कीनं दाबून सीट खाली घाल, सोड, परत दाब अन् वर येऊ दे. चेहरा सीटच्या वर ठेवू नको, जोरात येते. पाच सहा वेळा कर.

बाहेर झकास चालला तर दोष फ्रेम, क्लॅम्प किंवा केबलचा. बाहेरही अडला तर पोस्टचा. एवढं केल्याशिवाय कुणाचंही ऐकून पैसे घालू नको, माझंसुद्धा.

अन् शेवटच्या दोन इंचांबद्दल माझा अंदाज आत्ताच सांगून ठेवतो. आतल्या नळीच्या बुडाशी एक बुश असतं, ते बाहेरच्या नळीच्या आतून घासत वर खाली जातं. सीट खाली असताना ते बुश खोल असतं, क्लॅम्पपासून लांब. सीट वर येते तसं बुशही वर येतं अन् शेवटच्या टप्प्यात क्लॅम्पच्या जवळ पोचतं. तू ट्रॅक्टरच्या एलन कीनं क्लॅम्प आवळलास तिथं बाहेरची नळी चेपून किंचित अंडाकृती झाली असणार. केसाएवढी का असेना, पण बुशाला तेवढी पुरते. म्हणूनच सुरुवातीला झटकन अन् शेवटी रडत.

सरळ_रस्ता (परभणी)

काका हे बुशाचं मला माहीत नव्हतं. स्प्रेचा सल्ला मागं घेतो. पण मग नळी कायमची चेपली असेल का?

टूलरूम_काका (वाळूज)

बहुतेक वेळा नाही. ॲल्युमिनियम थोड्या दाबापर्यंत वाकून परत सरळ होतं, त्या हद्दीच्या पुढं गेलं तरच कायमचं. क्लॅम्प सोडल्यावर लगेच कळेल.

रविवार_म्हैसमाळ

मंडळी, आज सुट्टी होती, सकाळपासून याच्याच मागं आहे. पोस्ट काढला. बाहेर दांडी दाबली तर सीट एवढी जोरात वर आली की मी दचकलो, ठक्क आवाज करून पूर्ण वर. दहा वेळा केलं, दहाही वेळा. म्हणजे पोस्टला काहीही झालेलं नाही! सोळा हजार घालायला निघालो होतो.

परत फ्रेममध्ये घातला, क्लॅम्प अगदी सैल ठेवून बघितलं, मस्त वर येतो. एलन कीनं थोडं थोडं आवळत गेलो, एका जागेनंतर शेवटचे दोन इंच हळू व्हायला लागले. काकांनी लिहिलं तसंच्या तसं. डोळ्यांनी बघितलं तेव्हा विश्वास बसला.

अन् ताई, तुमचं हँडलचं. बायकोला सीटवर बसवलं, मी हँडल फिरवलं. उजवीकडं पूर्ण फिरवलं की ती अर्धा इंच खाली. आउटरचं टोक लिव्हरपाशी चक्क बाहेर येताना दिसतं. आता आठवायलंय की घाटात सीट वळणालाच जायची.

पण एक गाडं अडलंय. क्लॅम्प सैल ठेवला की पोस्ट परत फ्रेममध्ये सरकतो. आवळला की अडकतो. मधली जागा सापडंना.

टूलरूम_काका (वाळूज)

कारण तू त्याला ग्रीसवर उभं केलंयस. चासीचं काळं ग्रीस घसरायलाच बनवलेलं असतं. ते सगळं काढ, नळीत काठीला फडकं गुंडाळून आतून पूस, पोस्टही पूस, स्पिरिटनं दोन्ही कोरडं कर. मग कार्बन असेंब्ली पेस्ट मिळते, दुकानात फायबर ग्रिप म्हणून पण मागतात, तिच्यात बारीक कण असतात, ती पातळ थरानं बाहेरच्या नळीला लाव. नाव कार्बन असलं तरी ॲल्युमिनियमलाही चालते. ती लावली की कमी आवळूनही पकड येते, अन् गंजाची तुझी जी काळजी होती तीही बरीच मिटते. क्लॅम्पवर किती टॉर्क ते छापलेलं असतं, साधारण ५ ते ६ न्यूटन मीटर, पण तू खालून सुरू कर, ४ वर बघ, सरकला तर ५. टॉर्क पान्ना विकत नको घेऊ लगेच, कुणाचा तरी आण.

एक अजून, ते काळं ग्रीस कॉलरच्या आत गेलेलं नाही ना बघ. कॉलर हातानं फिरते, नसेल फिरत तर रबरी पट्ट्यानं, पक्कड लावू नको, चरा पडला की सील गेलं. कॉलर वर सरकवली की बुश अन् पितळेच्या छोट्या पिना दिसतात, त्या सीटला गोल फिरू देत नाहीत. पुसून सस्पेन्शनचं ग्रीस अगदी पातळ लाव. कार्ट्रिज मात्र उघडायला जाऊ नको, तिच्यात प्रचंड दाब असतो.

बालाघाटी (बीड)

पितळेच्या पिनांवरून आठवलं. सीट डावी उजवीकडं एक दोन मिलीमीटर हलली तर घाबरू नका, ते चालतं. त्याहून जास्त हलायला लागली तर पिना झिजल्यात, त्या वेगळ्या मापात मिळतात, जुन्या पिनेवरचा खुणेचा आकडा बघून मागवायच्या. मी एकदा ओळखीच्या लेथवाल्याकडून करून घेतल्या होत्या, जराशा जाड झाल्या, पोस्ट इतका आवळला की वर यायचाच बंद झाला. सगळ्या काढून परत कंपनीच्याच टाकल्या.

लातूरची_सायकल (लातूर)

आउटर बदलताना गिअरचा घ्या, ४ मिमीचा. ब्रेकचा घेऊ नका, त्याच्यात तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, दाब आला की आखडतो अन् लिव्हर लिबलिबीत लागतं. गिअरच्यात तारा उभ्या असतात. लांबी मोजताना हँडल दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवून बघा अन् मग चार बोटं जास्त ठेवा. कापायला धारदार कटर वापरा, टोक सपाट पाहिजे, चेपलेलं टोक टोपीत तिरकं बसतं. शेवटी लिव्हरला दोन तीन मिलीमीटर मोकळी चाल राहील असं बॅरलनं (केबलचा ताण जुळवायच्या स्क्रूनं) जुळवा. अजिबात मोकळी चाल नसली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही अन् परत सीट बसायला लागेल.

अन् दादा, सायकल उचलताना सीट खाली असेल तर सीटला धरून उचलू नका, टांगूही नका. आत ओढ बसते, गॅस सीलावरून तेलात जातो, मग खरोखरच कार्ट्रिज जाते. फ्रेमला धरा.

रविवार_म्हैसमाळ

झालं सगळं! ग्रीस काढायला अख्खी संध्याकाळ गेली, तीन जुने बनियन संपले. पेस्टची लहान पुडी मागवली, टॉर्क पान्ना एका मित्राच्या मोटारसायकल गॅरेजमधून आणला, तो लहान आकड्यांचा होता हे नशीब. ४ वर थोडा सरकला, ५ वर पक्का, अन् सीट पूर्ण वर येते. नवीन आउटर जुन्यापेक्षा ६ सेंटीमीटर लांब ठेवला. कॉलरमध्ये वॉशिंग सेंटरचं पाणी होतंच, गढूळ, चमचाभर निघालं.

काल पहाटे निघालो, दौलताबाद, खुलताबाद, मग वर. प्रत्येक उजव्या वळणाला जाणूनबुजून सीटवर बसून राहिलो. हलली नाही. गिरिजामातेच्या देवळापाशी पोचलो तेव्हा उन्हं नुकतीच आली होती, तिथूनच हे लिहिणार होतो पण रेंज नव्हती. उतरताना सीट खाली, खाली आल्यावर अंगठा दाबला, ठक्क. काका, ताई, बालाघाटी भाऊ, मनापासून आभार. वाळूजला येऊन काकांना भेटायचंय, चहा माझ्याकडून.

गोदाकाठ (नांदेड)

माझाही आउटर आखूडच आहे, हँडल फिरवून बघितलं आत्ता. पण आतून जाणारी केबल परत घालायची म्हटलं की अंगावर काटा येतो, मागच्या वेळी फ्रेममध्ये टोक हरवलं अन् दीड तास चुंबकानं शोधलं. तुम्ही कसं केलंत?

रविवार_म्हैसमाळ

इनर काढलीच नाही मी. लिव्हरकडून अन् पोस्टकडून दोन्ही बाजूंनी इनर मोकळी केली पण फ्रेममधून बाहेर येऊ दिली नाही. जुना आउटर हँडलकडून हळूहळू तिच्यावरून ओढून काढला, पोस्टकडचं इनरचं टोक बायकोनं धरून ठेवलं होतं. मग नवा आउटर त्याच इनरवरून ओवत आत ढकलत नेला, तो सरळ सीटच्या नळीतून वर निघाला. तुमची इनर गंजलेली किंवा उसवलेली असेल तरी आधी तिच्यावरूनच नवा आउटर घाला अन् मग नवीन इनर ओवा. पाच मिनिटं लागली.